हौद्यात मांडलेला गोल

“उतरा,” तालमीचे वस्ताद केरबातात्या म्हणाले.

आम्ही चपला काढल्या, मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि एकेक करून हौद्यात उतरलो.

हौदा म्हणजे आमच्या सोनटक्के तालमीतला कुस्तीचा आखाडा. ताक, तेल, हळद पिऊन पिऊन लोण्यासारखी झालेली तांबडी माती. पाय ठेवला की ठसा उमटे आणि पाय उचलला तरी मागं राही. कुस्त्या केव्हाच कमी झाल्या होत्या, कोल्हापुरातल्या बाकीच्या पेठांसारखी आमची पेठही फुटबॉलच्या नादाला लागली होती. पण फुटबॉलचा न्याय अजून त्या मातीतच व्हायचा. आदल्या दिवशी आम्ही फायनल हरलो होतो. एकाच गोलानं, तोही शेवटची शिट्टी व्हायच्या बेतात असताना. आणि फायनल हरली की दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत गोल मांडायचा, ही आमची रीत.

गोल मांडायचा म्हणजे, गोल झाला त्या वेळी मैदानावर जो जिथं होता तिथं त्यानं हौद्यात उभं राहायचं. हौद्याची देवाकडची कड म्हणजे आपला गोल. समोरच्या संघातल्या माणसांच्या जागी लाकडी मुद्गल उभे करायचे. मग तात्या काठी टेकत मातीतून फिरायचे, प्रत्येकापाशी थांबायचे, विचारायचे. जो आपली जागा सोडून भलतीकडं निघेल, त्याच्यावर गोल. त्यानं अंगातली जर्सी काढून कोनाड्यातल्या मारुतीच्या पायाशी ठेवायची. मारुतीकडं गेलेली जर्सी परत येत नसे, आणि आपल्या तालमीनं उतरवलेल्या पोराला गावातली दुसरी कुठलीही तालीम दारात उभी करत नसे. त्याचा फुटबॉल तिथं संपायचा.

त्या दिवशी कुणाची जर्सी जाणार हे सगळी पेठ रात्रीपासून बोलत होती. डाव्या बॅकची. आकाराम मांगोरेची.

आकाराम माझ्या पुढ्यातनं हौद्यात उतरला. उंच, सडसडीत, पोटऱ्यांवर फौंड्रीतल्या ठिणग्यांचे काळे डाग. मोरपंखी जर्सी त्यानं धुऊन, वाळवून, घडी मोडून घातली होती. मी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं मान हलवली. ‘जेवलास का?’ असं विचारल्यावर हलवतात तशी.

“सर्जा,” तात्यांनी मला हाक मारली. “तू गोली. तू तुझ्या जागंवर उभा ऱ्हा. पर तोंड उघडायचं न्हाई.”

“का तात्या?”

“तू आता सोयरा.”

ते खरं होतं. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीची, शालनची, सुपारी आकारामशी फुटली होती. आणि सोयऱ्यानं सोयऱ्यासाठी हौद्यात बोलायचं नाही, हाही तालमीचा नेमच होता. फार पूर्वी दोन भावांनी एकमेकांची बाजू उचलून धरून तालीम फोडायची पाळी आणली होती म्हणतात. तेव्हापासून घरच्या माणसाचं बोलणं तात्याच काय, तात्यांचे गुरूसुद्धा कानावर घेत नसत. बोलायचं ते त्या वेळी मैदानात असलेल्यांनी, तेही परक्यांनी.

मी देवाकडच्या कडेला जाऊन उभा राहिलो. सगळा हौदा माझ्या पुढ्यात होता, जसं आदल्या दिवशी सगळं मैदान होतं.

गोलीचं एक असतं. बाकीचे दहाजण चेंडूच्या मागं असतात, त्यांना आपल्या पाठीमागचं दिसत नाही. गोलीला सगळ्यांच्या पाठी दिसतात. मी किती हंगाम आकारामची पाठ बघत उभा होतो. बॅकची पारख कशी करायची हे लोकांना कळत नाही. त्यानं चेंडू हिसकावला, माणूस आडवा केला, की गॅलरी टाळ्या वाजवते. आकाराम हिसकावायचाच कमी. तो नुसता उभा राहायचा. समोरचा विंगर आणि चेंडू यांच्यामधल्या वाटेवर, विंगरचा श्वास मानेला लागेल एवढ्या अंतरावर. पास देणारा मान वर करून त्या बाजूला बघायचा, त्याला विंगर दिसायच्या आधी आकाराम दिसायचा, आणि तो बिचारा चेंडू दुसऱ्याच बाजूला द्यायचा. आता जो पास दिलाच गेला नाही त्याला टाळ्या कोण वाजवणार? सगळी मॅच आमच्या डाव्या अंगाला धूळसुद्धा उठायची नाही. गॅलरीतले थट्टा करायचे की सोनटक्क्यांचा डावा बॅक भरपगारी रजेवर असतो.

हे सगळं पेठेत आणखी एका माणसाला कळायचं, आणि तो म्हणजे रणधीर. रणधीर आमचा कॅप्टन, मधल्या जागेवरचा स्टॉपर, उमदा गडी. त्याच्यावर पोरं जीव टाकायची. शालनची सोयरीकही त्यानंच जुळवली. आमच्या वडिलांपुढं येऊन बसला आणि म्हणाला की आबा, ह्या पोराच्या बाजूनं मी कधी मागं वळून बघत न्हाई, तुम्हीबी बघू नका. सुपारीच्या दिवशी आमच्या आत्यानं सगळ्यांसमोर ओवी घातली होती :

डाव्या गं अंगाला, उभा शालनचा कंथ
वाऱ्यालाबी पुसतो, कुणीकडं तुझा पंथ

आकाराम लाजून पाटावर चुळबुळत राहिला आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो रणधीर. दाराआडून शालनही हसली होती. लाजणं तिला फारसं जमायचं नाही.

तर, गोल.

शेवटची काही मिनिटं राहिली होती. दोन्हीकडं शून्य. आमची गॅलरी रणधीरच्या नावानं ओरडत होती, वर जा, वर जा. आणि रणधीर वर गेला. मधली जागा मोकळी टाकून थेट त्यांच्या गोलापर्यंत. त्याचं डोकं चेंडूला लागलं असतं तर आज त्याच्या नावाचा चौक झाला असता. लागलं नाही. त्यांच्या गोलीनं चेंडू उचलून लांब फेकला आणि मैदान एका क्षणात उलटं झालं. सगळे वर, आणि इकडं खाली मी, बाजूला आकाराम, आणि समोरून पळत येणारे त्यांचे दोघे. एक चेंडू घेऊन मधून, एक कडेनं, आकारामच्या अंगानं.

मधे कुणी नव्हतं. मधलं सरळ माझ्यापर्यंत रान मोकळं होतं. आकारामनं एकदा मधे पाहिलं, एकदा कडेनं येणाऱ्या विंगरकडं पाहिलं. मला त्याची पाठ दिसत होती. पाठसुद्धा विचार करते. मग तो आत सरकला. पुरता आत नाही. दोघांच्या मधोमध, अशा ठिकाणी, की मधल्याला सरळ घुसायचा धीर होऊ नये आणि पासही सुखानं जाऊ नये. एक माणूस दोन दारं आडवून उभा होता. मधला बिचकला, थबकला. त्या थबकण्यात रणधीर पोचला असता तर निभावलं असतं. तो जीव तोडून परत पळत होता, पण लांब होता. शेवटी पास गेला, आकारामच्या बुटाला घासून गेला. विंगरनं चेंडू माझ्या उजव्या हाताखालून आत घातला.

गोल झाला तेव्हा मी मातीत पडलो होतो. उठलो तेव्हा रणधीर मधे उभा होता, गुडघ्यावर हात टेकून. सगळ्या गॅलरीनं तेव्हा पाहिलं. मधे रणधीर आणि कडेला मोकळा नाचणारा विंगर. ज्याचा माणूस मोकळा, त्याचा गोल. एवढा सोपा हिशेब मांडून माणसं घरी गेली.

तात्यांनी मॅच पाहिली नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते मैदानावर यायचे, पहिल्या रांगेत बसायचे आणि नुसतं ऐकायचे. एके काळी ते स्वतः नाव काढलेले बॅक होते. आता त्यांना हौद्यातलीच माणसं दिसत, तीही हाताच्या अंतरावर आल्यावर.

“मांडा,” तात्या म्हणाले.

पोरं हलली. झरोक्यातून आलेल्या उन्हात माती उडाली आणि खाली बसली. मी बघत होतो. 

सगळेच्या सगळे आपापल्या जागेवर उभे होते. आदल्या दिवशी जिथं होते तिथं नाही, तर जिथं असायला हवे होते तिथं. उजवा बॅक वर गेला होता, तो उजव्या कोपऱ्यात उभा. हाफवर खेळणारा बादशहा मुजावर पार पलीकडच्या कडेला होता, तो मधल्या फळीत नीट ओळीत. आणि रणधीर हौद्याच्या मधोमध, माझ्या बरोबर समोर, कंबरेवर हात ठेवून. वर्षानुवर्षं तो तिथंच उभा राहत आला होता. त्याचे पाय त्याला आपणहून तिथं घेऊन गेले. तो खोटं उभा राहिला असं मला आजही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. घरी परतलेल्या माणसाला आपण मधे घराबाहेर होतो हे आठवू नये, तसं ते झालं.

एकटा आकाराम खरा उभा होता. ना कडेला, ना मधे. कशाच्याच जागेवर नाही अशा जागेवर. नीट मांडलेल्या पटावर एकच सोंगटी घरंगळलेली दिसावी तसा.

तात्या काठी टेकत आले. उजवा बॅक, बरोबर. हाफ, बरोबर. रणधीरच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, चाचपला, पुढं गेले. मग डाव्या कोपऱ्यात आले आणि काठी हवेत फिरली. तिथं कुणी नव्हतं.

“डावा कुठाय?”

“हितं हाय तात्या,” आकाराम म्हणाला.

तात्या आवाजाकडं वळले. त्याच्यापाशी जाऊन त्यांनी काठीनं त्याचे पाय शोधले, मग विंगरच्या जागी उभा केलेला मुद्गल शोधला. दोघांमधलं अंतर काठीनं मोजलं. काठी पुरली नाही.

“तुझा माणूस तिकडं, आन तू हितं काय करालाईस?”

“हितंच हुतो.”

“का?”

आकारामनं रणधीरकडं पाहिलं. रणधीर त्याच्याकडं बघत होता. त्या नजरेत राग नव्हता, धाकही नव्हता, नुसता गोंधळ होता. जणू त्यालाच कुणी तरी आठवण करून द्यायला हवी होती. आकारामला ती करून देता आली असती. एका वाक्याचं काम होतं.

“मला वाटलं मधी कुणी न्हाई,” तो म्हणाला.

“मधी रणधीर हाय की. ह्यो काय उभा हाय.”

 मला राहवलं नाही. मी म्हणालो, “तात्या, रणधीर वर गेल्ता. मधी रान मोकळं हुतं. ह्यानं दोघांना...”

तात्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. काठी मातीत पडली. हौद्याच्या कडेला बसलेल्या जुन्या लोकांनीही मान फिरवली. रीतच तशी होती, सोयरा बोलला की ऐकलं नाही असं दाखवायचं. कुणी तरी हलकेच म्हणालं की मेव्हण्याला आत्तापासनंच कड आलीय. दोघंतिघं हसले. माझं बोलणं नुसतं वाया गेलं असतं तरी चाललं असतं. पण ते आकारामच्या विरुद्ध जाऊन बसलं. ज्याला सोयऱ्याचा टेकू लागतो त्याचं काही तरी चुकलेलंच असणार.

तात्यांनी बादशहाला विचारलं. बादशहा सरळ माणूस, तोंडावर खरं बोलणारा.  तो म्हणाला की तात्या, अल्लाशपथ, मी चेंडूकडं बघत हुतो, मागं कोण कुठं हुतं मला सांगता येत न्हाई. उजवा बॅक तेच म्हणाला. सगळे तेच म्हणाले, आणि सगळे खरं बोलत होते. सबंध मैदानात सगळ्यांच्या पाठी बघणारा एकच माणूस होता, आणि त्याचं तोंड सुपारीनं बांधलं होतं.

रणधीरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मी परत आलो हुतो तात्या.” पुढं आणखी काही बोलणार होता. ओठ हलले. पण तात्यांना तेवढं पुरलं.

तात्या वाकले, मातीतून काठी उचलली आणि माझ्या दिशेनं आले. हाताच्या अंतरावर आल्यावर थांबले. त्यांचे डोळे दुधाळ होते, पण मला वाटलं ते माझ्या आरपार मैदानात बघताहेत.

“सर्जा, एक वाट हाय,” ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. “तू सोयरा ऱ्हायला न्हाईस, तर तुझं बोलणं धरता येतंय. सुपारी मोडली म्हण. हितं, मारुतीसमोर. मग बोल काय ते.”

 मी आकारामकडं पाहिलं.  सुपारी माझी नव्हती. मोडायची तर ती शालनची होती, आबांची होती, त्याची होती. ‘हो’ म्हटलं तर बहिणीचं मोडत होतं, ‘नाही’ म्हटलं तर त्याचं. दोन दारं होती आणि मी एकटा होतो. कुठं सरकायचं ते मला कळेना.

मला काही म्हणावंच लागलं नाही.

“न्हाई तात्या,” आकाराम म्हणाला. “ते मोडायचं न्हाई.”

आणि त्यानं डोक्यावरून जर्सी काढली.

काढताना ती कानाशी अडकली. क्षणभर त्याचं तोंड त्या मोरपंखी कापडात झाकलेलं राहिलं. मग बाहेर आलं तेव्हा ते नेहमीसारखंच होतं. त्यानं जर्सीची घडी घातली. बाही बाहीवर, काठ काठावर, बाजारातून आणलेल्या नव्या कापडाची घालावी तशी. कोनाड्यापाशी गेला, मारुतीच्या पायाशी ठेवली, हात जोडले. रणधीर तेव्हा रडत होता. का रडतोय ते त्याला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही.

आम्ही दोघं पेठेतून घरी चाललो. आकाराम उघडाच होता. सकाळची वेळ, दूधवाले, नळावरच्या बायका, पानपट्टीवरची पोरं. उघड्या अंगाचा आकाराम बघून सगळ्यांना काय ते समजत होतं. एकजण पानपट्टीवरून म्हणाला की चला, रजा संपली एकदाची. मी त्याच्या अंगावर जायला निघालो, आकारामनं माझं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे मेव्हणं,” तो म्हणाला. त्याआधी तो मला नुसता सर्जा म्हणायचा.

मी म्हणालो की अरे खुळ्या, एक पाऊल, फक्त एक पाऊल बाजूला उभा राहिला असतास, सगळ्यांसारखा, तर कुणाला कळलं असतं? तात्यांनी गोल कुणावरच घातला नसता. तो हसला. म्हणाला, “पाऊल उचललं हुतं. मग वाटलं, आपण तिथं न्हवतोच की.”

घराच्या दारात शालन उभी होती. बातमी आमच्या आधी पोचली होती, पण अर्धीच. आकारामला उघडा बघून तिनं चटकन नजर खाली घातली, मग पुन्हा वर केली आणि मलाच विचारलं, “तू बोलला न्हाईस व्हय?”

मी सगळं सांगितलं. सोयरा, कान झाकले, मेव्हण्याची कड, सुपारीची वाट. ती ऐकत होती. तिच्या हातात पिठाची परात होती, ती तिनं ओट्यावर ठेवली.

“मोडली म्हणायची की मग,” ती म्हणाली.

“शालन?”

“मोडली म्हणायची, बोलायचं, आन घरी यिऊन परत फोडायची. सुपारीला काय कमी हाय बाजारात? सगळे बाप्ये तिथं जमलासा, कुणाच्याबी डोक्यात आलं न्हाई? मला एक हाक मारली असती तर मी मोडली असती, हितनं तिथवर ऐकू जाईल अशी.”

मी आकारामकडं पाहिलं. तो अंगणातल्या दगडावर बसला होता, पायाची तांबडी माती पुसत. मान वर न करता तो हळूच म्हणाला, “परत फोडायची म्हणून मोडली, तर ती मोडली न्हाई शालन. ते नुसतं सांगणं झालं.”

शालन त्याच्याकडं बघत राहिली. ती रागावणार असं मला वाटलं. पण तिचा चेहरा हळूहळू असा झाला, की मलाच दुसरीकडं बघावंसं वाटलं. तिला आत्ता, त्या घटकेला, कळलं होतं की आपण कुणाच्या घरी जाणार आहोत. त्यात सुख किती आणि जन्मभराचा घोर किती, हेही कळलं असावं.

“तरीबी मी जातो,” ती म्हणाली आणि निघाली.

तालमीच्या उंबऱ्याच्या आत बायका जात नसत. ती उंबऱ्याशी उभी राहिली, मी तिच्या मागं. आत पोरं हौदा सारखा करत होती, पायांचे ठसे फावड्यानं मोडत होती. रणधीर नव्हता. शालननं तात्यांना हाक मारली आणि सांगितलं की मी सुपारी मोडायला आलोय, आता माझ्या भावाचं ऐका. तात्या उठून उंबऱ्यापर्यंत आले. 

“पोरी,” ते म्हणाले, “तुझा भाव काय सांगणार ते मला ठावं हाय. मीबी बॅक हुतो. सगळे जिथल्या तिथं उभे असल्यावर गोल कसा हुईल? कुणीतरी जाग्यावर न्हवतं, आन जो जाग्यावर उभा न्हाई तोच खरा उभा हुता, हे मला त्याच्या पायाला काठी लागली तवाच कळलं.”

“मग?”

“मग काय. मांडणीत आलं तेवढंच धरायचं. मला कळतंय म्हणून मी न्याय द्यायला लागलो, तर उद्या माझ्या मनात यील तोच न्याय हुईल. आज आकाराम वाचंल, उद्या दुसरा कुणी मरंल.” त्यांनी काठी उंबऱ्याला टेकवली. “वाट काढून बघितली ग मी. तुझ्या माणसानं ती घेतली न्हाई. आता जर्सी देवाकडं गेली.”

ते वळले आणि काठीनं चाचपत आत गेले. शालन उंबऱ्याशी तशीच उभी राहिली.  ती सुपारी मोडायला गेली होती आणि न मोडता परत आली. लग्न ठरल्यासारखं वैशाखात झालं. वरातीत रणधीर सगळ्यांच्या पुढं नाचला, आणि मांडवात आकारामच्या शेजारी मात्र त्याला बसता आलं नाही.

पुढच्या हंगामात माझ्या पुढ्यात डावीकडं नवा पोरगा उभा राहिला. चपळ, तगडा, धडाधड अंगावर जाणारा, चेंडू हिसकावून घेणारा. पहिल्याच मॅचला त्यानं इतकी माणसं आडवी केली की गॅलरी त्याच्या नावानं ओरडायला लागली. सगळे म्हणाले, सोनटक्क्यांना बॅक सापडला. आणि त्या बाजूला पास यायला लागले. एकामागून एक, पाटाचं दार उघडल्यावर पाणी यावं तसे. तो पोरगा दहा हिसकावी आणि अकरावा माझ्यापर्यंत येई.

तशाच एका पासावर विंगर सुटला. मी पुढं झालो, कोन धरला, आणि त्या गडबडीत माझी नजर क्षणभर कुंपणाबाहेर गेली. तारेच्या जाळीपलीकडं, कामावरून परस्पर आलेला आकाराम, फौंड्रीच्या काळ्या कपड्यांत, पायात चपला, त्या विंगरच्या बरोबरीनं धावत होता. ओरडत नव्हता, हातवारे करत नव्हता. माणसांच्या अंगावर आदळत, माफी मागत, तो त्याच्यापासून एका श्वासाच्या अंतरावर राहायला बघत होता. मग कोपऱ्यात जाळी संपली, तिथं तो थांबला, आणि चेंडू माझ्याकडं आला.